राजपार्टीची टाच

डिसेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी साडेअकराच्या सुमारास एक गृहस्थ दवाखान्यात आले. कानामागे लाल रंगाचा पुसट ओघळ राहून गेला होता, डोळे जागरणाने तांबारले होते. उजवी टाच टेकवायची नाही म्हणून चवड्यावर भार देत, भिंतीला हात लावत ते खुर्चीपर्यंत पोचले. वय ४७. पावसाळ्यात भातशेती आणि दिवाळी सरली की दशावतार. बावीस वर्षं एकाच कंपनीत राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करतात.

मी कुडाळ भागात फिजिओथेरपिस्ट आहे. टाच दुखते म्हणून येणारे इथे कमी नाहीत. दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिक्षिका येतात, एस.टी.चे कंडक्टर येतात, काजूच्या कारखान्यातल्या बायका येतात. पण या प्रकरणाने मला माझ्या नेहमीच्या सूचना पुन्हा तपासायला लावल्या, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना काका म्हणते. समोरही तेच म्हणते, आणि ते मला बाय म्हणतात.

तक्रार, त्यांच्या शब्दांत

"बाय, झोपान उठलय आणि पाय भुयेक टेकलो काय टाचेत खिळो घुसता. चार पावलां टाकली काय मगे सैल होता. पण बसान उठलय काय परत तोच."

या तीन वाक्यांत अर्धं निदान झालं. उठल्यावरच्या पहिल्या पावलाला कळ, चालल्यावर उतार आणि बसून उठलं की पुन्हा कळ, ही प्लान्टार फॅशिया दुखावल्याची खूण. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाच्या पोटातून जाणारा जो जाड, चिवट पट्टा असतो, तो हा. माझ्या नोंदवहीत 'सकाळचं पहिलं पाऊल' असा रकाना आहे. काकांची सकाळ मात्र दुपारी एकला होते. नाटक पहाटे संपतं, टेम्पोतून घरी पोचेपर्यंत सात वाजतात, मग झोप. मी रकान्यातला 'सकाळचं' हा शब्द खोडून 'झोपेनंतरचं' असं लिहिलं. शून्य म्हणजे दुखणं नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मोजपट्टीवर ते आठ म्हणाले.

दुखणं दहा महिन्यांचं होतं. मागच्या हंगामात माघाच्या आसपास सुरू झालं, मेपर्यंत वाढत गेलं. पावसात कमी झालं, लावणीच्या आठवड्यात थोडं बोललं, गणपतीपर्यंत जवळजवळ गेलंच. मग कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत पहिल्यापेक्षा जोराने परत आलं.

सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कार्तिकापासून पुढे गावोगावच्या देवळांत जत्रा होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा याच सुमाराची. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार होतो. जुनी माणसं त्याला अजून दहीकालोच म्हणतात. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, सरस्वती, संकासूर वगैरे, आणि मग पहाटेपर्यंत आख्यान. लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्याउभ्या सुचवायचे. रंगमंचावर एक बाकडं, बाजूला पखवाज, झांज आणि पायपेटी. नट आपला रंग आपणच लावतात. आणि सगळं अनवाणी. ऐन हंगामात कंपनीच्या महिन्यातल्या वीस-पंचवीस रात्री लागलेल्या असतात. पैसे नाईटवर. नाईट चुकली की पैसे नाहीत.

आधी काय काय झालं होतं

घरगुती उपचारांपासून सुरुवात झाली होती. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून त्यावर टाच दाबायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. शेकल्याने बरं वाटतं हे खरं. पण ज्यांना मधुमेह आहे आणि तळपायाची जाणीव मंदावली आहे त्यांना वीट किती तापली आहे हे कळतच नाही. असा भाजलेला पाय महिनोन् महिने भरत नाही. काकांनी बिब्ब्याचा चटकाही देऊन पाहिला होता. त्याचा काळपट डाग टाचेच्या कडेला अजून होता. बिब्ब्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्याचा चीक कातडी जाळतो, आणि दुखणारा पट्टा त्या कातडीच्या खाली, चरबीच्या जाड गादीच्याही आत असतो. तिथपर्यंत बिब्बा पोचत नाही.

मार्चमध्ये एका डॉक्टरांकडे एक्स-रे झाला. टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने टोक आलेलं दिसलं. "हाड वाढला म्हणान सांगल्यांनी," काका म्हणाले, आणि तो एक्स-रे त्यांनी पिशवीतून असा काढला की जणू चोर मुद्देमालासह सापडला होता. गोळ्या झाल्या, मग टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन. तीन आठवडे टाच गप्प राहिली. त्या तीन आठवड्यांत त्यांनी अठरा नाईट केल्या. मग दुखणं परत आलं. मेमध्ये दुसरं इंजेक्शन दिलं, त्यानंतर बरं वाटलं ते दिवाळीपर्यंत. घरात सगळ्यांचं मत झालं की दुसरं इंजेक्शन लागू पडलं. माझ्या मते त्याचं बरंचसं श्रेय पावसाळ्याचं आहे. हंगाम संपला होता.

इंजेक्शन वाईटच असतं, असं मला म्हणायचं नाही. फार दुखत असेल तर त्याने सुमारे महिनाभर आराम पडतो, आणि त्या महिन्यात नीट व्यायाम झाला तर तो आराम कामाला येतो. पण ते वारंवार घेतलं तर पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. काकांच्या बाबतीत दुखण्याची सूचना बंद झाली आणि भार तोच राहिला.

तपासणी

उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७९ किलो. टाचेच्या तळाला, आतल्या अंगाला, हाडाच्या पुढच्या कडेवर अंगठा दाबला तेव्हा काका खुर्चीतून उठलेच. उभं करून पायाचा अंगठा वर उचलला की त्याच जागी कळ.

काही गोष्टी नाहीत याची खात्री करणंही तितकंच गरजेचं होतं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली, दुखली नाही. दुखली असती तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. कोकणात हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण माडावरून किंवा आंब्यावरून पडून टाचेवर आदळलेली माणसं येतात. त्यांच्या टाचेबरोबर कंबरेचा मणकाही तपासायचा असतो. घोट्याच्या आतल्या बाजूला बोटाने ठोकून पाहिलं, तळव्यात मुंग्या आल्या नाहीत, म्हणजे तिथली शीर दबलेली नव्हती. पाय सरळ उचलून पाहिला, कंबरेतून कळ आली नाही. बारीक नायलॉनच्या तंतूने तळपायाला ठिकठिकाणी स्पर्श केला, सगळीकडे कळला. रक्त तपासायला पाठवलं. उपाशीपोटीची साखर ११८ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.१ आली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. काकांना हे नवीनच होतं. त्यांना मी फिजिशियनकडे पाठवलं, आणि रुईच्या पानाची वीट त्या दिवसापासून बंद केली.

खरी माहिती दोन साध्या चाचण्यांनी दिली. भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल किती मागे नेता येतं ते मोजायचं. डावीकडे नऊ सेंटिमीटर, उजवीकडे चार. म्हणजे उजवा घोटा पुढे वाकतच नव्हता, पोटरी ताठ होती. दुसरी चाचणी, एका पायावर उभं राहून टाच उचलायची. डाव्या पायावर अठरा वेळा जमलं. उजव्यावर सात, आणि शेवटच्या दोन वेळा बाकाचा आधार घेऊन.

हाडाचं टोक आणि खरा गुन्हेगार

तळपायाचा हा पट्टा काय काम करतो हे हिक्स नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९५४ साली फार छान दाखवलं. पाऊल मागे पडताना टाच उचलली जाते, बोटं वाकतात आणि पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जाऊन ताणला जातो. त्याने पायाची कमान वर उचलली जाते आणि पाऊल घट्ट होतं. हिक्सने याला जहाजाच्या रहाटाची उपमा दिली. नांगर वर घ्यायला ज्यावर दोर गुंडाळतात तो रहाट. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला हे समजावायला चित्र काढावं लागत नाही. दोर रोज ओढला तर झिजतो, आणि अनेक महिने सैल पडून राहिलेला दोर एकदम पूर्ण जोराने ओढला तर त्याच्या बांधणीच्या जागी तंतू सुटायला लागतात. पट्ट्याची बांधणीची जागा म्हणजे टाचेच्या हाडाची आतली पुढची कड. अंगठा दाबल्यावर काका जिथे ओरडले तीच.

या दुखण्याला प्लान्टार फॅशिआयटिस म्हणतात. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. पण २००३ साली अमेरिकेत शस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांच्या पट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा दाहाची चिन्हं सापडली नाहीत. सापडली ती झीज आणि विस्कटलेले तंतू. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हे दुखणं मुळापासून जात नाही. पट्टा पुन्हा भार घेऊ शकेल असा घडवावा लागतो, आणि तो घडतो हळूहळू वाढवत नेलेल्या भारानेच.

मग हाडाचं टोक? टाच अजिबात दुखत नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेतही ते दिसतं. पुष्कळदा ते या पट्ट्यात नसतंच, त्याच्या वरच्या बारीक स्नायूच्या मुळाशी असतं. काकांना हे पटवायला मला दोन भेटी लागल्या. शेवटी मी त्यांना विचारलं, "गणपतीत तुमची टाच दुखत नव्हती, तेव्हा हे हाड कुठे गेलं होतं?" यावर ते थोडा वेळ एक्स-रेकडेच बघत राहिले.

२००३ सालच्याच आणखी एका अमेरिकन अभ्यासात टाचदुखी कोणाला जास्त होते हे पाहिलं गेलं. घोटा पुढे न वाकणं, जास्त वजन आणि दिवसभर पायावर असलेलं काम ही तीन कारणं ठळक निघाली, आणि त्यात घोट्याच्या ताठपणाचा वाटा सगळ्यांत मोठा. काकांच्या बाबतीत तो चार सेंटिमीटरचा आकडा समोरच होता.

माझी पहिली योजना, आणि ती कशी फसली

पहिल्या भेटीत मी जे नेहमी सांगते ते सांगितलं. दोन आठवडे विश्रांती. सतत मऊ चप्पल. पाच व्यायामांचा छापील कागद, सकाळ-दुपार-रात्र. फ्रीझमध्ये पाण्याची बाटली गोठवून तिच्यावर तळवा फिरवायचा.

दहा दिवसांनी ते आले तेव्हा दुखणं आठवर होतं. बाटली मात्र इमानेइतबारे चालू होती, फ्रीझरमध्ये बांगड्यांच्या शेजारी. बाकी काही नाही. विश्रांती का घेतली नाही असं विचारल्यावर त्यांनी बोटांवर रात्री मोजून दाखवल्या. राजपार्टी नसेल तर आख्यान कसं लावायचं? कंपनीतल्या बाकीच्या दहा-बारा जणांची नाईट त्यांच्यावर उभी. आणि चपलेबद्दल म्हणाले, "नाटकात चपला घालून राजा खंय बघलंस?"

चूक माझी होती. रात्री दहाला व्यायाम करा असं मी लिहिलं होतं, तेव्हा ते रंग लावत असत. विश्रांती सांगणं सोपं असतं, कारण सांगणाऱ्याला तिची किंमत द्यावी लागत नाही. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "तुमचं नाटक बघायला येऊ का?"

देवळापुढची रात्र

लहानपणी आजीच्या मांडीवर झोपून दशावतार पाहिला होता, पण नोंदवही घेऊन कधी गेले नव्हते. काका साडेनऊला आले. पेटाऱ्यापाशी चटईवर मांडी घातली, छोटा आरसा पेटीला टेकवला आणि रंग काढला. चेहरा, भुवया, मिशी, मग दागिने, मग वाट बघत गप्पा. पावणेएकला त्यांचा प्रवेश आला. तोपर्यंत तीन तास ते मांडीवरून जवळजवळ उठलेच नव्हते. आणि उठले ते सरळ रंगमंचावर. पखवाज कडाडला, दोन पावलं आणि तिसऱ्याला टाच आपटून गिरकी.

झोपेनंतरचं पहिलं पाऊल दुखतं कारण पट्टा आखडलेला असतो आणि त्यावर अचानक पूर्ण वजन येतं. काकांचं असं पहिलं पाऊल दिवसातून दोनदा पडत होतं. एकदा दुपारी अंथरुणापाशी, आणि एकदा पावणेएकला, सगळ्या ताकदीनिशी, शे-दोनशे माणसांसमोर. हे मला दवाखान्यात बसून कधीच कळलं नसतं.

जमिनीकडेही लक्ष गेलं. पूर्वी देवळापुढे शेणाने सारवलेलं खळं असायचं. आता बहुतेक ठिकाणी गुळगुळीत फरशी आहे. फरशीमुळेच टाच दुखते, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही, पण अनवाणी टाच आपटणाऱ्या माणसाला दोन्हींतला फरक विचारावा लागत नाही. युद्धाच्या प्रसंगात तर मी मोजायलाच बसले. एका लढाईत उजव्या टाचेवर एकवीस गिरक्या. डाव्या पायावर एकही नाही. गिरकी घेऊन, तलवार रोखून, टाच रोवून थांबायचं ही त्यांची लकब, आणि लोक त्यालाच टाळ्या देतात.

दुसरी योजना

पहिला बदल रंगाच्या वेळेत बसवला. २००३ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत फक्त या पट्ट्याला ताण देणारा एक व्यायाम पोटरीच्या नेहमीच्या ताणापेक्षा सरस ठरला होता. पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यायचं, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायची, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला तर पट्टा तारेसारखा ताठ लागतो, म्हणजे बरोबर जमलं. मांडी घालून रंग लावणाऱ्या माणसाला यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. एकदा अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी, एकदा संध्याकाळी, आणि एकदा चेहऱ्याचा पहिला हात वाळेपर्यंत. प्रवेशाआधी दहा मिनिटं उठायचं, देवळाच्या खांबाला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, जागच्या जागी पावलं टाकायची. पहिलं पाऊल पडद्याआड पडून गेलं पाहिजे.

दुसरा बदल म्हणजे पट्टी. तळव्याला आणि कमानीला विशिष्ट पद्धतीने चिकटपट्टी बांधली की काही दिवस दुखणं हलकं होतं. बरं करत नाही, पण रात्र निभावून नेते. कातडीच्या रंगाची पट्टी घेतली. पखवाजवाले त्यांचे चुलतभाऊ, त्यांना दवाखान्यात बोलावून बांधायला शिकवलं. घामाने ती पहाटेपर्यंतच टिकायची. तेवढंच हवं होतं.

चपलेचं मी आता असं सांगितलं की रंगमंच सोडून बाकी सगळीकडे. त्यांची जुनी स्लीपर टाचेपाशी पापडाइतकी पातळ झाली होती. तिच्याजागी जाड मऊ तळव्याची, टाच थोडी उंच असलेली सँडल घेतली. घरात फरशीवर चालायला वेगळी स्वच्छ जोडी अंथरुणाशेजारी. काकूंना हे आधी पटलं नाही. आपल्याकडे घरात चप्पल म्हणजे थेट देवघरापर्यंत गेल्यासारखंच असतं. देवघराच्या आणि चुलीच्या अलीकडे ती काढायची, या अटीवर मंजुरी मिळाली.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिला वेळ लागतो. २०१५ साली डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर एक चाचणी झाली. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, म्हणजे बोटं वाकलेली राहून रहाट फिरतो आणि पट्टा ताणला जातो. मग टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद वर थांबायचं, तीन सेकंदांत खाली. हे एक दिवसाआड. जमेल तसं पाठीवर वजन वाढवायचं. तीन महिन्यांनी या गटाची प्रगती ताण देणाऱ्या गटापेक्षा स्पष्ट जास्त होती. वर्षाने दोन्ही गट जवळपास सारखे झाले. हेही सांगायला हवं, नाहीतर व्यायामाची जाहिरात होते. पण हंगाम चालू असलेल्या माणसाला तीन महिन्यांतला फरक लाखमोलाचा.

टॉवेलऐवजी पंचा आणि पायरीला पडवीची जांभ्याची पायरी. पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर, मग एका. मी सेकंद मोजून दाखवत होते, तीन, दोन, तीन. काका एकदम हसले.

"ह्यां तर केरव्यार बसता गो!"

खरंच. तीन, दोन आणि तीन मिळून आठ मात्रा. त्यानंतर त्यांनी घड्याळ कधीच लावलं नाही. धा गे ना ती, न क धी ना, विलंबित. माझ्या बाकीच्या रुग्णांना हा व्यायाम घाईघाईने उरकायची खोड असते. काकांची लय कधी चुकली नाही.

नारद

तरी भाराचा प्रश्न उरलाच होता. आठवड्यातल्या सहा रात्री, प्रत्येकीत एकवीस गिरक्या. पट्टा सावरायला मधे मोकळा दिवस लागतो. नाईट सोडायची नाही, तर नाईटमधला भार कमी करायचा, एवढाच मार्ग होता. मी सुचवलं की एक रात्र राजा, एक रात्र नारद. नारदाला संवाद भरपूर, चालणं हलकं, युद्ध नाही.

"माका नारद करूक सांगतंस?" आवाज चढला नव्हता, पण पुढची पाच मिनिटं ते माझ्याशी बोलले नाहीत. बावीस वर्षांची राजपार्टी. मी जे सुचवलं ते त्यांच्या दृष्टीने औषध नव्हतं, पदावनती होती. मला ते त्यांचा चेहरा पाहिल्यावर कळलं.

तोडगा कंपनीच्या मालकांनी काढला, मी नाही. राजा काकाच, पण एका रात्रीआड आख्यान असं लावायचं की युद्ध सेनापतीच्या वाट्याला येईल आणि राजा बाकड्यावर बसून दरबार चालवील. संहिता लिहिलेली नसते याचा इतका उपयोग मी कधी पाहिला नव्हता. आणि गिरकी डाव्या पायावरही घ्यायची, हे काकांनी आपणहून ठरवलं. पहिल्या रात्री तोल गेला, ते त्यांनी राजा मद्यधुंद असल्याचं दाखवून सावरून घेतलं म्हणे.

एक नियम ठरवला. नाटकात दुखणं दहापैकी चारपर्यंत गेलं तर चालेल. खरा निकाल दुसऱ्या दिवशी झोपेतून उठल्यावरच्या पहिल्या पावलाने द्यायचा. ते नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर त्या रात्री दरबार, युद्ध नाही.

जानेवारीअखेर पहिलं पाऊल आठवरून पाचवर आलं. मग महाशिवरात्र आली. कुणकेश्वराच्या जत्रेचे दिवस म्हणजे देवगडापासून खाली सगळीकडे धामधूम. ओळीने नऊ रात्री लागल्या, सेनापती तापाने आडवा झाला, आणि काकांनी नऊच्या नऊ युद्धं केली. दहाव्या दिवशी सात. तिसरं इंजेक्शन द्यायला सांगा म्हणून ते माझ्यासमोर बसले. चिडले होते, थकले होते, आणि मला वाटतं घाबरलेही होते. मी नोंदवही उघडून दाखवली. डिसेंबरात सहा रात्रींनी आठवर गेले होते, आता नऊ रात्रींनी सातवर. टाच उचलायची संख्या सातवरून तेरा झाली होती, आणि ती या नऊ रात्रींनंतरही तेराच होती. दुखणं भडकलं होतं, पण पट्टा मागे गेला नव्हता. तीन दिवस पंचा बंद, पट्टी चालू, दरबार चालू. चौथ्या दिवशी पुन्हा दोन्ही पायांवर सुरुवात. बारा दिवसांत ते पाचवर आले आणि इंजेक्शनाचा विषय मागे पडला.

मे महिन्यात हंगाम संपताना पहिलं पाऊल दोनवर होतं, कधी एकवर. भिंतीची चाचणी चारवरून साडेसात सेंटिमीटर. टाच उचलणं एकोणीस वेळा, पाठीवर तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन बारा. वजन तीन किलो उतरलं, त्यात माझं काही नाही, साखरेच्या आकड्याने घाबरून काकूंनी भाताचं ताट आवरलं. एक्स-रे मी पुन्हा काढला नाही. काकांनीच दुसऱ्या कशासाठी तरी काढलेला आणून दाखवला. हाडाचं टोक होतं तिथेच, होतं तेवढंच.

पावसाळ्यात व्यायाम थांबवायचा नाही, हे मी तीनतीनदा सांगितलं. मागच्या वर्षी पट्टा पाच महिने चिखलात आणि भजनाच्या मांडीवर सैल पडला होता आणि कार्तिकात एकदम रहाटाला लावला होता, खरी गडबड तिथे होती. आठवड्यातून दोनदा पंचा, आणि दसऱ्यापासून घरच्या खळ्यात रोज थोड्या गिरक्या, पाचपासून सुरू करून.

दसऱ्यानंतर ते आले. आपली टाच दाखवायला नाही, कंपनीतल्या एका चोवीस वर्षांच्या पोराला घेऊन. त्याच्याही टाचा दुखत होत्या. वाटेत काकांनी त्याला केरव्याचा व्यायाम शिकवूनही टाकला होता. पोराला विचारलं तेव्हा कळलं की दोन्ही टाचा एकदमच दुखतात, चालल्यावर सैल होतं पण सकाळी कंबर तासभर आखडलेली असते, पहाटे पाठदुखीने जाग येते, आणि मागच्या वर्षी डोळा लाल होऊन दुखला होता. मी त्याला पंचा दिला नाही. रक्ताच्या चाचण्या लिहिल्या आणि संधिवाताच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. काका थोडे नाराज दिसले. "टाचच मां ती?" ते म्हणाले. मी त्यांना समजावत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कार्तिकातली पहिली सुपारी.